वाघजाईचा पुढचा खांदा आणि अमेरिकेचे तीस संघ

आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही, आणि बसवूही नका. आजवर ही हकिकत ज्यांनी ऐकली त्यांत एक वकील, दोन तलाठी आणि एक कीर्तनकार होता. तिघांनाही... म्हणजे चौघांनाही पटली नाही. कीर्तनकार तर पोटासाठी रोज याहून अवघड गोष्टी लोकांच्या गळी उतरवतो. पण मिनीडोर भरायला अजून तिघं हवेत, भरल्याशिवाय मंगळ्या गाडी हलवत नाही, आणि कर्जतपर्यंत चालत जायची तुम्हा पाहुण्यांची तयारी दिसत नाही. तेव्हा ऐका.

हा डावीकडचा रस्ता आत जातो, त्याच्या टोकाला जांभुळपाली. मोजून तीस उंबरे. गावामागे टेकडी, टेकडीवर वाघजाई. चैत्रात तिची पालखी निघते, आणि पालखीच्या पुढच्या दांडीचा उजवा खांदा ठोंबऱ्यांचा. कधीपासून, ते विचारू नका. विचारलंत तर ठोंबरे सांगतील, आणि तुमची गाडी चुकेल. मागची दांडी बडेकरांची. बडेकरांनी तीन पिढ्या पुढच्या दांडीकडे नुसतं पाहत काढल्या.

ठोंबऱ्यांत त्या मानाचा धनी होता जगदीश. रसायनीच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं टाइमकीपर. आठ वाजून एक मिनिटाने आलेल्या माणसाला त्याने कधी आठ लिहिलं नाही. लग्न झालेल्या दिवशी स्वतःलाही नाही. निवृत्त झाल्यावर मोजायला कुणी उरलं नाही. बायको, आनंदीबाई, गिरणीवर जाऊन किती वेळात परतते ते तो काही दिवस टिपत होता. तिने एकदा ती वही वाचली आणि तो प्रकार थांबला. मग उरलं काय, तर खांदा. वर्षातून एक दिवस, दोन तास. त्या दोन तासांत जगदीश ठोंबरे कोणीतरी असायचा. बापाने मरताना आपल्या खांद्यावरचा घट्टा त्याच्या बोटांना चाचपून दाखवला होता. शेत नाही, सोनं नाही, फक्त घट्टा. अशा माणसाने काय करू नये? पैज लावू नये. आणि त्याने काय केलं?

गेल्या वर्षी धुळवडीच्या सकाळी होळीच्या राखेभोवती सगळा गाव उभा होता. कोंडाजी बडेकर नुकताच अमेरिकेहून परतलेला. तिथं त्याचा मुलगा प्रवीण नोकरीला; त्याच्याकडे सहा महिने राहून आलेला. येताना बेसबॉलच्या संघाची निळी टोपी घेऊन आला आणि ती तो देवळातही काढेना. देवळात टोपी चालते, हे खरं, पण तिच्यावर इंग्रजी अक्षर असावं की नाही याबद्दल शास्त्र काही बोलत नाही.

"तिथं एक खेळ हाय," कोंडाजी सांगत होता. "तीस संघ, पाच-पाचाचे सहा गट. येकयेकाला येकशे बासष्ट सामने. कोन कितवा येनार, कोन सगल्यात भारी चेंडू टाकनार, कोनाला बक्षीस भेटनार, हे प्रवीणच्या हापिसातली मान्सं आधीच लिवून देतात. पैज लावतात. पन ते आपल्या इथल्या मान्साच्या डोस्क्यात नाय शिरायचं."

हे म्हणताना त्याने 'इथल्या माणसाकडे' पाहिलं. आता पाहायला तिथं एकोणतीस घरं उभी होती, पण पाहिलं जगदीशकडे.

"एकशे बासष्ट सामने म्हंजे हजेरीपट आला," जगदीश म्हणाला. "मला हजेरीपट कळत नाय, असं म्हंतोस?"

"लाव मंग पैज."

"लावतो. कशाची?"

"तुझ्याकडं हाय तरी काय रं, पुढला खांदा सोडून?"

चांगला माणूस इथं हसून विषय बदलतो. शहाणा माणूस घरी जातो. जगदीश म्हणाला, "लावला."

ठरलं असं: दोघांनी आपापली क्रमवारी लिहून द्यायची. ज्याची जास्त बरोबर, तो जिंकला. कोंडाजी जिंकला तर येत्या जत्रेला नाही, कारण ती तीन आठवड्यांवर आली होती, पण पुढच्या जत्रेपासून पुढचा खांदा बडेकरांचा. जगदीश जिंकला तर बडेकर पुन्हा कधी पुढच्या दांडीचं नाव काढणार नाहीत. पंच कोण? बेसबॉल कळणारा एकच माणूस, प्रवीण. तो कोंडाजीचाच पोरगा, पण त्याने व्हिडिओ कॉलवर वाघजाईची शपथ घेतली. फोन देवीपुढे धरला होता. शपथ घेता घेता रेंज गेली, म्हणून अर्धी शपथ दुसऱ्या दिवशी झाली.

घरी आनंदीबाईंनी काय केलं? काही नाही. ताट वाढलं, जगदीशने पहिला घास घेतला, आणि मग त्या बोलल्या.

"खांदा तुमच्या येकट्याचा हाय का? बांध इकायचा तर सात जनांच्या सह्या लागतात. अन् खांदा तुमी येकल्यानं लावलात, राखंच्या ढिगापाशी उभं ऱ्हाऊन?"

"मी हरनार नाय."

"तुमी आजवर काय जिकलंय, ते सांगा. येक सांगा."

जगदीशने बराच विचार केला. डाळ निवली.

आता टाइमकीपर माणूस, तोंडी व्यवहार त्याला पटेना. तो कर्जतला एका नोटरीकडे गेला. नोटरींनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "पैजेचा करार कायद्याने रद्दबातल. बक्षीसपत्र करा. वस्तू काय?"

"खांदा."

"स्थावर की जंगम?"

जगदीशने आयुष्यात असा प्रश्न ऐकला नव्हता, पण प्रश्न रास्त होता हे त्याला मान्य करावं लागलं. पालखी चालते, म्हणजे जंगम. हक्क पिढीजात, म्हणजे स्थावर. नोटरींनी शेजारच्या वकिलांना बोलावलं. वकील म्हणाले, उतारा आणा. कशाचा? खांद्याचा. वारसनोंद आणा, देवस्थानचा ठराव आणा, आणि एक खांदा देताना उरलेल्या खांद्यांची हरकत नाही असं त्यांच्याकडून लिहून आणा. उरलेला खांदा जगदीशचा स्वतःचाच होता, डावा. तरी त्यावरून अर्धा तास गेला.

शेवटी विषय ग्रामसभेत आला. ग्रामसेवक म्हणाले, अमेरिका आपल्या हद्दीत येत नाही, इतिवृत्तात लिहिता येणार नाही. मग त्यांनी तो 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय' या सदरात घातला. गटाराच्या झाकणांनंतर आणि मोकाट कुत्र्यांआधी.

कोंडाजीने आपली क्रमवारी कधीच लिहून टाकली होती. त्याची युक्ती साधी: मागच्या वर्षी जी क्रमवारी लागली, तीच त्याने शेवटच्या नावापर्यंत उतरवून काढली. कळल्यावर जगदीश तुच्छतेने हसला. "ही काय अक्कल? कालची हजेरी आज लावायची?" असं हसताना माणूस उंच दिसतो. किती वेळ, तो भाग वेगळा.

जगदीशला संघ माहीत नव्हते, माणसं माहीत नव्हती, खेळ माहीत नव्हता. तेव्हा त्याने जांभुळपालीत जे करतात ते केलं. हिरू गुरवाकडे गेला आणि देवीला कौल लावायला सांगितला. ओलं फूल देवीला चिकटवायचं, उजवं पडलं तर होय, डावं पडलं तर नाही. लग्न, विहीर, हरवलेली म्हैस, सगळं असंच ठरतं. पण हिरू गुरव मान हलवायला लागला.

"आईची हद्द उल्हास नदीपातूर. पल्याडचं इचारलं तर ती बोलत नाय. मागं येकानं खोपोलीच्या नोकरीचं इचारलं, तर फूल तीन दिस हललं नाय. वाळून गेलं."

"तू लाव तर खरं."

लावलं. पहिला प्रश्न: पूर्वेच्या गटात बोस्टन पहिलं येईल का? फूल चिकटलं ते चिकटलं. दुपार झाली. गुरव जेवून आला. दुसऱ्या दिवशी पूजेच्या वेळी ते त्याने हाताने काढलं, आणि देवीची क्षमा मागितली. जगदीशच्या वतीनेही मागितली. त्याचं वेगळं निरांजन लागलं.

मग भावकी बसली. ठोंबऱ्यांची अकरा घरं, आणि त्यांच्या सोयऱ्यांची पंधरा. सगळ्यांना रागही होता आणि घोरही होता, कारण खांदा गेला तर सगळ्यांचाच जाणार होता. यादीतली नावं कुणाच्या तोंडात बसेनात. तेव्हा वाटेवर राहते ती गोदूबाई म्हणाली, "तीस संघ, तीस घरं. घरागनिक येक वाटून टाका. मंग ध्यानात ऱ्हाईल." गोदूबाई विधवा, एकटी, सत्तरीची. गावात सूचना करायचा तिला हक्क नव्हता, म्हणूनच ती चांगल्या सूचना करायची.

चिठ्ठ्या टाकल्या. बडेकरांची चार घरं बैठकीला आली नव्हती, त्यांच्याही नावाने टाकल्या. आणि इथं, मंडळी, जांभुळपालीची मती फिरली. कारण आता प्रश्न 'शिकागो कितवं येईल' हा राहिला नाही. प्रश्न झाला, 'सरपंचाचं घर कितवं येईल'. आणि याचं उत्तर तर शेंबड्या पोरालाही ठाऊक. जत्रेत नारळ कुणाचा पहिला, विडा कुणाचा दुसरा, हे ठरलेलंच आहे. त्याच क्रमाने सहाही गट भराभर लागले. पोलीसपाटलाच्या घराला जो संघ आला होता तो, प्रवीणने पुढे सांगितलं, बारा वर्षं कधी वर आला नव्हता. पण पोलीसपाटलाला चौथा घालायचं कुणी? तुम्ही घातला असता का?

अडलं ते तळाशी. गट सहा, म्हणजे शेवटचे सहा. शेवटी बसायला कोण तयार होणार? कुणी म्हणालं, शेवटची जागा मोकळी सोडा. कुणी म्हणालं, चौथा आणि पाचवा जोडीने मान द्या. दोन्ही करून पाहिलं. पण क्रमवारी प्रवीणच्या हापिसाच्या फॉर्ममध्ये, फोनवर भरायची होती. जागा मोकळी सोडली की तो लाल व्हायचा, आणि जोडीने मान त्याला समजतच नव्हता.

चार जागा चुटकीसरशी भरल्या. बडेकरांची चार घरं चार गटांत तळाला गेली. यात कोंडाजीच्या घराला आलेला संघ मागच्या वर्षीचा अजिंक्य संघ होता. सोयऱ्यांतला एक पोरगा तेवढं कुजबुजला. जगदीशने त्याच्याकडे असं पाहिलं की जणू तो आठ वाजून वीस मिनिटांनी आलाय.

पाचवी जागा जगदीशने स्वतःच्या घराला घेतली. कुणी आग्रह केला नाही, कुणी नको म्हटलं नाही. त्याला वाटलं होतं, निदान दोघं तरी 'तुमी नगं, जगदीशदादा' म्हणतील. तो थोडा थांबला होता. मग त्याने अंगठ्याने खालचं बटण दाबलं.

सहावी जागा उरली. गोदूबाई सुपारी कातरत होती.

"माजं घाला," ती म्हणाली. "मी शेवटी जेवते. ताट तेच असतंय."

कुणी तिच्याकडे पाहिलं नाही, आणि ते बरंच झालं.

बक्षिसांचं मात्र सोपं गेलं, कारण ते बायकांकडे दिलं. सर्वांत चांगला चेंडू टाकणारा, सर्वांत चांगला नवखा. आनंदीबाई आणि गोदूबाई फोनवर फोटो बघायला बसल्या, जसे स्थळाचे बघतात तसे.

"ह्याच्या गालात काय हाय गं?"

"तंबाखू. दुसरा बघ."

"ह्याच्याबी गालात हाय."

"अगो, सगल्यांच्याच हाय! आयांनी काय धाक लावला का नाय?"

असे एकशे चाळीस खेळाडू गालावर बाद झाले. चेंडू टाकणाऱ्यांत एकाचं मनगट आनंदीबाईंना पसंत पडलं: "हा भाताच्या लावनीला बरा. दिसभर वाकंल." नवख्यांत एक पोरगा कॅमेऱ्याकडे न बघता जमिनीकडे बघत होता, तो गोदूबाईने घेतला. का, तर लाजतो.

खेळ सुरू झाला. तिकडची संध्याकाळ ती आपली पहाट, त्यामुळे निकाल दुधाच्या वेळेला येत. डेअरीत फॅट लावता लावता लोक विचारत, "काल कोन पडला?" ज्याचं घर जिंकलं त्याच्या दुधाला त्या दिवशी माप जास्त भरल्यासारखं वाटे. दोन घरांचे संघ एकमेकांशी भिडले की तीन-तीन दिवस भिडत, आणि ते तीन दिवस त्या घरांत बोलणं बंद. एका लग्नाची सुपारी फुटायची होती. मुलाकडचं आणि मुलीकडचं घर नेमकं त्याच आठवड्यात समोरासमोर आलं. मुलीकडच्यांनी तिन्ही सामने जिंकले आणि सुपारी पुढच्या महिन्यावर गेली.

जगदीशने वही काढली. रोजचे पंधरा निकाल, तारीखवार, लाल शाईने हार, निळ्याने जीत. आनंदीबाईंना तो बऱ्याच दिवसांनी वेळेवर उठताना दिसला. त्या चहा वहीशेजारी आणून ठेवू लागल्या. जूनमध्ये त्याची क्रमवारी डोकं खाली, पाय वर अशी होती. कोंडाजी रस्त्याने जाताना टोपी उगाच पुढे ओढी. जुलैत भाताची आवणी आली, तेव्हाही तो चिखलात टोपी घालूनच उभा. जगदीश रात्री... जाऊ द्या. उताणा पडून आपला उजवा खांदा डाव्या हाताने धरायचा, एवढंच सांगतो.

आणि मग, मंडळी, ऑगस्ट उजाडला. इथून पुढचं तुम्हाला पटणार नाही.

ऑगस्टात वारं फिरलं. मागच्या वर्षीचा अजिंक्य संघ, कोंडाजीच्या घरचा, ओळीने बावीस सामने हरला. सरपंचाचा वर सरकला. पोलीसपाटलाचा, जो बारा वर्षं वर आला नव्हता, तो इतका वर आला की तिकडं त्या संघाच्या गावात लोक रस्त्यावर येऊन रडले. सप्टेंबर सरता सरता प्रवीणचा फोन: तीसच्या तीस! एक जागा इकडची तिकडे नाही. पुढं नोव्हेंबरात बक्षिसं जाहीर झाली. लावणीचं मनगट आणि लाजरा पोरगा, दोघंही बसले. तिकडे खळबळ उडाली. नेरळला एक लालबुंद साहेब उतरला, जांभुळपाली विचारत विचारत आला, आणि जगदीशच्या ओट्यावर बसून म्हणाला, तुमची पद्धत काय? जगदीशने सांगितलं, नारळाचा मान. साहेबाने ते लिहून घेतलं. साहेब जात असताना गोदूबाईने चिकूवरच्या माकडाला दगड मारला, तो साहेबाच्या कानाजवळून जाऊन माकडाच्या शेपटीवर नेमका बसला. साहेब परत फिरला आणि तिला चेंडू टाकायचा करार देऊ लागला. ती म्हणाली, मला भात कांडायचाय.

आणि यंदाचा चैत्र! वाघजाईची पालखी निघाली. ताशा वाजतोय, टेकडीच्या पायऱ्यांना गुलाल लागलाय. पुढच्या दांडीला, उजव्या खांद्याला, कोण? जगदीश ठोंबरे. पांढरा सदरा, छाती अशी. अख्ख्या भावकीनं त्याच्या पायाला हात लावला. आणि कोंडाजी बडेकर मागच्या दांडीला, मान खाली, टोपी खिशात. पालखी पायऱ्या चढायला लागली तशी—

"खोटं!"

मागच्या बाकावरून आवाज आला. गाडी कधीच भरली होती. शेवटी येऊन बसलेली मुलगी मांडीवरची कॉलेजची सॅक घट्ट धरून पुढे वाकली होती. कोंडाजीची नात, रुचिता.

"सगळं खोटं सांगताय, जगदीशआजोबा. आमच्या आबांचे चौदा नंबर बरोबर आले, तुमचे तीन. प्रवीणकाकांचा फोन आला तेव्हा मी तिथंच होते. यंदा पुढं आबा होते आणि मागं तुमी होता."

मंगळ्याने किल्लीला हात लावला, पण गाडी चालू केली नाही.

"आणि पायऱ्या चढताना आख्खी पालखी मागच्यावर येते," रुचिता म्हणाली. "आबांनी पुढं नुसता हात लावला होता. दोनशे पायऱ्या तुमीच उचललीत ती. घरी येऊन आबा सोताच बोलले."